न उघडलेला स्क्रू

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझ्या टाकीचा हिरवा रंग जागोजागी उडाला आहे, डावा आरसा दुसऱ्याच गाडीचा आहे आणि सीटला तीन ठिगळे आहेत. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली हकिकत सांगतात, तेव्हा शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तशी अपेक्षा धरू नका. एका माणसाच्या आळसाने माझ्या धन्याचा जीव गेला. वर त्या माणसाने खोटे बोलून मेलेल्याचे नाव मातीत घातले. त्याचा सूड घेतला गेला आणि त्यात माझाही वाटा होता, याचे मला आजही समाधान आहे.

माझा जन्म तैवानच्या उत्तरेकडील एका कारखान्यात झाला. एकशेपंचवीसचे इंजिन, लांब सीट, मागे ओझे बांधायला भक्कम लोखंडी कॅरियर आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक. आमच्या जातीच्या गाड्यांत तेव्हा डिस्क ब्रेक नवा होता. दुकानात लोक वाकून वाकून ती चकचकीत तबकडी बघत आणि मी मनातल्या मनात फुगून जात असे.

मला कुनशानने घेतले. डोंगरातल्या श्वांगकेंग गावात त्याचा चहाचा मळा होता. त्याने माझ्या हँडलला लाल फडके बांधले, मला थेट गावच्या देवळापुढे उभे केले, उदबत्ती ओवाळली आणि मगच घरी नेले. त्याच्या घरापासून खालच्या बाजारापर्यंत अकरा किलोमीटरचा उतार आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला बांबूने भरलेली दरी, आणि दुपार झाली की धुके. तयार चहाची पोती पाठीवर घेऊन मी त्या उतारावर सोळा वर्षे गेले. कुनशान म्हणायचा, "चढ इंजिनच्या जोरावर होतो. उतार ब्रेकच्या भरवशावर." म्हणून तो मला फार जपायचा.

चहाची पाने जिथे उन्हात पसरतात, त्या सिमेंटच्या अंगणात माझी सेवा चाले. आधी तो मला देवळापर्यंत नेऊन परत आणायचा, म्हणजे इंजिन ऑइल कोमट होऊन सगळी घाण घेऊन खाली उतरते. मग पोटाखाली परात ठेवून खालचा बोल्ट सोडायचा. तेल निथळून शेवटचा थेंब पडेपर्यंत तो उकिडवा बसून राहायचा. थोडे तेल दोन बोटांत चोळून बघायचा, लोखंडाचा चुरा लागतो का. बोल्टला नवा वॉशर घालायचा, नवे तेल ओतायचा आणि हात पुसत म्हणायचा, "आता कशी बोलतेय बघ."

पण ब्रेक ऑइल बदलायला दोन माणसे बरी पडतात. एकाने हँडलवरचा लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाजवळचा छोटा स्क्रू किंचित सोडायचा. जुने तेल नळीतून बाटलीत येते. स्क्रू बंद केला की मगच लिव्हर सोडायचा, नाहीतर हवा आत शिरते. लिव्हर धरायला तो बायकोला हाक मारायचा.

तिचे नाव आमान. मान म्हणजे भरले, पुरे झाले. चार मुलींच्या पाठीवर पाचवी मुलगीच झाली, तेव्हा बापाने देवाला ऐकू जावे म्हणून हे नाव ठेवले होते. तुमच्याकडे नकोशी ठेवतात, तसेच. पण नावात पुरे असले तरी ती कुठल्याच गोष्टीत लवकर पुरे म्हणणारी नव्हती.

"दाब," कुनशान खालून म्हणायचा.

"दाबलं."

"धरून ठेव."

"धरलंय. तिकडं माझा भात करपतोय."

"सोड. परत दाब."

"किती वेळा?"

"मधासारखा रंग येईपर्यंत. हे तेल हवेतलं पाणी पितं, आमान. पावसाळ्यातल्या मिठासारखं. आणि आपल्या गावात धुक्याला काय तोटा आहे? पाणी साचलं, की लांब उतारावर चाक तापून ते उकळतं. मग लिव्हर दाबला तरी नुसते बुडबुडे दबतात, ब्रेक लागत नाही."

"मग एकदाच काढ की सगळं."

"म्हणून तर तुझा भात करपवतोय."

काम झाले, की तो घरात जाऊन आमानची लाल नेलपॉलिशची बाटली आणायचा आणि स्क्रूवर एक ठिपका द्यायचा. अर्धा स्क्रूवर, अर्धा बाजूच्या लोखंडावर. स्क्रू कधी हलला, तर ठिपका फुटलेला दिसावा म्हणून. आमान म्हणायची, "मला कधी बोटाला लावायला उरली तर शपथ."

मित्रांनो, हे सुखाचे दिवस मी थोडक्यात सांगते, कारण ते आठवले की माझा राग वाढतो.

एका हिवाळ्यात कुनशान मळ्याच्या बांधावरून घसरला आणि त्याचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, तरी पाना पिळायचे बळ येईना. ब्रेक ऑइल बदलून तेव्हा दोन वर्षे झाली होती. वसंतातला चहा तोंडावर आला होता, रोज ओझी घेऊन खाली जायचे होते.

"थोडं थांब," आमान म्हणाली. "मी करते. तू नुसता सांग."

"मळ्यात वीस बायका येणार आहेत उद्यापासून. त्यांचं जेवण कोण बघणार? जिनशेंगकडं टाकतो."

जिनशेंग गावातला मेकॅनिक. शाळेत दोघे एका बाकावर बसत. त्याच्या दुकानात कामापेक्षा चहाचे टेबल मोठे होते आणि त्या टेबलाभोवती चार रिकामे मित्र कायम बसलेले असत. कुनशानने मला तिथे सोडले आणि तो बी-खतांच्या दुकानात गेला.

जिनशेंगने काय केले ते मी पाहिले. पाहणारी मी एकटीच होते. त्याने हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण उघडले, वरचे तेल सुईच्या पिचकारीने ओढून घेतले, तेवढेच नवे ओतले आणि डबीची काच फडक्याने पुसली. काचेतून तेल मधासारखे दिसू लागले. खाली चाकाजवळ तो वाकलासुद्धा नाही. टेबलावरून कुणीतरी म्हणाले, "अरे, तुझा चहा निवतोय." आणि तो गेला.

कुनशान परत आला. "झालं?"

"झालं की."

"काळं निघालं असेल ना?"

"सोया सॉससारखं. ओतून दिलं. मनगटाची काळजी घे, गाडीची मी घेतो."

कुनशानने काचेत वाकून पाहिले आणि त्याचे समाधान झाले. बालमित्राच्या शब्दापुढे खाली वाकून स्क्रू बघायचे त्याला सुचले नाही.

नवव्या दिवशी दुपारी आम्ही साठ किलो चहा घेऊन उतरत होतो. धुके दाट होते, म्हणून कुनशान नेहमीपेक्षा जास्त ब्रेक दाबत होता. माझ्या पुढच्या चाकाची तबकडी तापत गेली. सातव्या वळणावर त्याने लिव्हर ओढला आणि तो सरळ मुठीला टेकला. मागचा ब्रेक त्याने पायाने दाबून धरला, पण एवढ्या ओझ्यापुढे त्याचे काय चालणार? कुनशानने मला डोंगराच्या बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. खडीवरून माझे चाक सरकले.

मला बांबूंनी अडवले. त्याला नाही.

माणसे जमून पोलीस येईपर्यंत दोन तास गेले. तोवर मी गार पडले होते आणि आतले बुडबुडेही विरले होते. पोलिसाने माझा लिव्हर दाबला. तो घट्ट लागला. "ब्रेक तर ठीक आहे," तो म्हणाला. मला उचलायला जिनशेंगची पिकअप बोलावली होती. त्यानेही लिव्हर दाबून पाहिला. पुन्हा एकदा दाबला आणि हात चटकन काढून घेतला. त्याला कळले होते. गावात हे कळणारा तो एकच माणूस होता. आणि तो पोलिसाला म्हणाला, "सकाळी माझ्याकडं थांबला होता. तोंडाला दारूचा वास येत होता. मेलेल्याबद्दल बोलू नये, पण खरं ते खरं."

ते एक वाक्य आमच्याआधी गावात पोचले. कुनशान चहाखेरीज काही पीत नसे, हे आमानला ठाऊक होते, पण बायको तर असेच म्हणणार. अंत्यविधीला आलेली माणसे मृतासाठी जाळायच्या कागदी नोटांच्या घड्या घालता घालता कुजबुजत होती. देवाच्या पालखीचा पुढचा डावा दांडा कुनशान बावीस वर्षे उचलत होता. देवळाचे कारभारी वू काका यांनी भोयांच्या फळ्यावरून त्याचे नाव मुकाट्याने पुसले आणि त्या जागी दुसरे लिहिले. जिनशेंगचे.

मला पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली टाकले गेले. येणारेजाणारे मला 'माणूसखाऊ' म्हणू लागले. मला ओरडून सांगता आले असते तर? पण मित्रांनो, आम्हांला फक्त हॉर्न असतो, आणि तोही माणसानेच वाजवावा लागतो.

जिनशेंग तीनदा मला न्यायला आला. "वहिनी, असली अपशकुनी गाडी दारात नको. मी भंगारात देऊन टाकतो. तुम्ही हातसुद्धा लावू नका."

"राहू दे," आमान म्हणायची.

"ठेवून काय करणार?"

"बघू."

त्याला माझी भीती वाटते, एवढे मला कळत होते. त्या भीतीवर मी ते वर्ष काढले.

पुढच्या वर्षी वसंतातला चहा आला. खाली न्यायला दुसरे वाहन नव्हते. एके सकाळी आमानने ताडपत्री ओढली, मला अंगणात आणले आणि शेजारच्या लिएनह्वाला हाक मारली. लिएनह्वा चहाची पाने खुडायला जाणारी बाई. तिची बोटे जितकी चपळ, तितकीच जीभही.

"मी काय करू?" लिएनह्वाने विचारले. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"मी सांगेन तेव्हा लिव्हर दाबायचा, सांगेन तेव्हा सोडायचा."

"एवढंच? नवऱ्यापेक्षा सोपं आहे."

आधी आमानने इंजिन ऑइल काढले. तेही गाळासारखे झाले होते. तिने बोटांत चोळून पाहिले, अगदी कुनशानसारखे. मग पुढच्या चाकाशी बसून ओल्या फडक्याने चिखल पुसू लागली आणि पुसता पुसता थांबली.

"काय गं? साप आहे का?"

"लिएनह्वा, इकडं ये. हा ठिपका बघ."

"नेलपॉलिश आहे. फिकी पडलीय."

"फुटलीय का?"

"नाही. अखंड आहे."

"हा स्क्रू उघडल्याशिवाय ब्रेक ऑइल निघत नाही. हा ठिपका कुनशाननं तीन वर्षांपूर्वी दिला होता, मी समोर होते. मग गेल्या वर्षी जिनशेंगनं काय बदललं?"

लिएनह्वाने वाकून ठिपक्यावर स्वतःचे नख फिरवून पाहिले. आमानने नळी लावली, स्क्रू सोडला. पहिला थेंब आला तो काळपट, करपलेल्या साखरेसारखा. तिने सगळे तेल काचेच्या बाटलीत धरले, बाटली उन्हात धरली आणि किती तरी वेळ बघत राहिली. रडली नाही. माझ्या अंगातून ते विष निघाले आणि तिच्या अंगात काहीतरी शिरले, असे मला वाटले. मला फार बरे वाटले.

"चल," लिएनह्वा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता त्याच्या डोक्यावर ओतू."

"तो म्हणेल, गाडी वर्षभर पडून होती, तेल काळं होणारच. ठिपका बाईनंच नंतर दिला. लोक म्हणतील, बिचारीचं डोकं फिरलं."

"मग गप्प बसणार?"

"तुझ्या स्कूटरला पुढं डिस्क ब्रेक आहे ना?"

"आहे."

"आण इकडं."

देवाच्या वाढदिवसाच्या उत्सवाला तीन आठवडे होते. तेवढ्यात आमानने लिएनह्वासकट सात बायका गाठल्या. सगळ्यांच्या स्कूटरी तिने एकेक करून देवळाच्या आवारात आणवल्या आणि वू काकांच्या डोळ्यांदेखत प्रत्येकीच्या ब्रेकच्या स्क्रूवर लाल ठिपका दिला.

"हे काय चाललंय?" वू काकांनी विचारले.

"आज विचारू नका, काका. फक्त तारीख लिहून सही करा आणि कागद तुमच्याच पेटीत ठेवा."

वू काकांनी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि सही करून कागद पेटीत ठेवला. मग सातही जणी आपापल्या सवडीने जिनशेंगकडे गेल्या. "ब्रेक ऑइल बदलून दे," एवढेच बोलायचे, असे आमानने बजावले होते. परत आल्यावर ती स्क्रू तपासायची. ज्या गाडीचा ठिपका अखंड, ती गाडी उतारावर न्यायची नाही, असा तिचा कडक नियम होता. बायका बाजाराला भाजीच्या टेम्पोतून जाऊ लागल्या. शेवटी सातांपैकी एकही ठिपका फुटला नाही.

"एक तरी फुटेल असं वाटलं होतं मला," लिएनह्वा म्हणाली.

"मला नको होता," आमान म्हणाली.

उत्सवाच्या सकाळी देवळापुढे सगळे गाव जमले होते. ढोल वाजत होते, नैवेद्याच्या टेबलावर फळे आणि डुकराचे मांस मांडले होते, भोई पिवळे अंगरखे घालून तयार होते. पुढच्या डाव्या दांड्यापाशी जिनशेंग उभा होता. आमान मला ढकलत घेऊन आली. माझ्यामागे सात स्कूटरी रांगेने आल्या आणि पालखीच्या वाटेतच उभ्या राहिल्या. ढोल थांबले.

"वहिनी, आज देवाचा दिवस आहे," जिनशेंग म्हणाला. "दुःख आम्हांलाही आहे, पण वाट सोडा."

"एकच विचारते. या सात गाड्यांचं ब्रेक ऑइल तू बदललंस?"

"बदललं की. विचारा यांना."

"खालचा स्क्रू उघडून?"

तो लोकांकडे बघून हसला. "उघडल्याशिवाय तेल काय हवेतून बदलतं?"

"सगळ्यांनी ऐकलं ना?" आमान म्हणाली. "वू काका, तुमची पेटी उघडा. आणि चष्मा लावा."

वू काकांनी आपल्या सहीचा कागद वाचून दाखवला. मग सत्तरीचा तो माणूस गुडघे टेकून एकेका चाकाशी वाकला. पहिल्या स्कूटरपाशी ते म्हणाले, "अखंड." दुसऱ्या स्कूटरपाशी तेच. चौथीपर्यंत गावाला अर्थ कळला होता. सातवीपाशी वू काका उठले, तेव्हा त्यांना हात द्यावा लागला.

जिनशेंग मोठ्याने म्हणाला, "हा कट आहे. कोंबडा आणा. देवापुढं मुंडी छाटून शपथ घेतो मी."

आमच्याकडे ही शेवटची शपथ. ती खोटी घेतली, तर घेणाऱ्याचे तसेच होते असे मानतात. दोन-चार माणसे बिचकली. आमान जागची हलली नाही.

"कोंबड्यानं कुणाचं काय बिघडवलंय?" ती म्हणाली. "हा पाना घे. तूच उघड. मधासारखं तेल निघालं, तर मी सगळ्यांपुढं तुझे पाय धरते."

त्याने पाना घेतला नाही.

मग तिनेच उघडले. सात बाटल्या भरल्या आणि नैवेद्याच्या टेबलावर फळांच्या शेजारी एका ओळीत मांडल्या. कमी-जास्त, पण सगळ्याच काळपट. शेवटी तिने पिशवीतून आठवी बाटली काढली. ती सर्वांत काळी होती. "हे कुनशानच्या गाडीतलं. स्क्रूवर त्याच्या हातचा ठिपका होता, तोही अखंड होता. लिएनह्वानं पाहिलाय." ती जिनशेंगपाशी गेली. "आता सांग. त्या सकाळी त्याच्या तोंडाला वास येत होता?"

जिनशेंग पालखीच्या दांड्यापासून एक पाऊल मागे सरला.

"बोल की," लिएनह्वा म्हणाली. "वर्षभर तर तुझी जीभ कात्रीसारखी चालत होती."

"नव्हता," तो म्हणाला.

"मागच्यांना ऐकू गेलं नाही," आमान म्हणाली.

"वास येत नव्हता. तो प्यायला नव्हता. त्या सकाळी तो माझ्याकडं आलाच नव्हता."

गर्दीत त्याची म्हातारी आई होती. तिने तोंडाला पदर लावावा तशी बाही लावली. मला तिची दया आली का? खरे सांगते, तेव्हा नाही आली. मला वाटले, अजून एकदा बोलायला लावावे.

जिनशेंगने अंगरखा काढून ठेवला. वू काकांनी फळ्यावर कुनशानचे नाव पुन्हा लिहिले आणि आमानपुढे वाकून म्हणाले, "पोरी, मी ऐकीव गोष्टीवर पुसलं. माझा गुन्हा आहे." पुढच्या डाव्या दांड्याला त्या वर्षी कुणीही खांदा दिला नाही. बाकीच्यांनी तो भार ओढला आणि पालखी सगळी वाट डावीकडे कलून चालली. पोलिसांनीही नंतर येऊन कागद केले. वर्षापूर्वीचे प्रकरण, हाती फारसे लागत नाही, असे ते म्हणाले.

पण आमानचे पुरे झाले नव्हते. तिने अंगणाच्या फाटकावर पाटी लावली: 'दर रविवारी. गाडी आणि जुनी बाटली घेऊन या.' पहिल्या रविवारी त्या सातजणी आल्या. महिन्याभरात चहावाले, शाळेचे मास्तर, वू काकाही आपल्या खटारा स्कूटरसह आले. आमान कुणाचेच काम करून देत नसे. पाना ज्याच्या त्याच्या हातात देई. बोल्ट किती पिळायचा, तेल रंगावर सांडले तर लगेच पाणी का ओतायचे, डबी रिकामी होऊ द्यायची नाही, जुने तेल गटारात न ओतता कसे जमा करायचे, सगळे सांगे. मी मधोमध उभी असे, कारण ती प्रत्येक गोष्ट आधी माझ्यावर करून दाखवी. रविवारी श्वांगकेंगमध्ये सूड कसा दिसत असेल, असे कुणी विचारले, तर उकिडवी बसलेली तीस माणसे आणि काळे झालेले साठ हात, असे मी सांगेन.

जिनशेंगच्या दुकानात कुणी जाईना. चहाच्या टेबलाभोवतीचे मित्रही हळूहळू पांगले. शरदात त्याचे शटर खाली आले, ते वर गेलेच नाही. रोज त्या बंद शटरवरून जाताना माझे इंजिन जरा जास्तच गोड चाले.

मग पिकअप विकून एका सकाळी तो स्कूटरवरून गाव सोडून निघाला. मागे आई बसली होती, तिच्या मागे बोचकी बांधली होती. उताराची वाट आमच्या फाटकावरूनच जाते. म्हातारीने त्याच्या पाठीवर थाप मारून गाडी थांबवायला लावली. तिने आमानच्या सासूबरोबर चाळीस वर्षे चहा खुडला होता.

"आमान, येते गं," ती म्हणाली. "पुन्हा भेट व्हायची नाही."

आमान फाटकाशी आली. म्हातारीचे हात हातात घेता घेता तिची नजर जिनशेंगच्या हँडलवर गेली. डबीच्या काचेतले तेल कॉफीसारखे दिसत होते. दुसऱ्यांच्या गाड्या फसवणाऱ्याने स्वतःची गाडीही तशीच ठेवली होती. दोन माणसे, बोचकी, अकरा किलोमीटर उतार, आणि धुके चढत होते. मी सगळे ओळखले. जाऊ दे त्याला, मी मनात म्हणत होते. एक शब्द बोलू नकोस. जाऊ दे.

आमानने दरीतून चढणाऱ्या धुक्याकडे पाहिले. तिच्याही मनात तेच आले असावे, कारण तिचा चेहरा मी ओळखते.

"गाडी आत घे," ती म्हणाली.

"आता काय राहिलंय, वहिनी?" जिनशेंग म्हणाला.

"आईला उतरव. त्या स्टुलावर बसव. पाना तिथं आहे."

तो चाकाशी बसला. सगळे त्यानेच केले. तेल काळे निघाले, तेव्हा त्याने मान वर केली नाही. घाईघाईने स्क्रू आवळून तो उठायला लागला, तेव्हा आमान म्हणाली, "अजून पिवळं नाही झालं. परत." त्याने परत केले. तिने म्हातारीला गरम पाव आणि चहा दिला, त्याला दिला नाही.

निघताना त्याने विचारले, "म्हणजे माफ केलं का मला?"

"नाही," आमान म्हणाली. "दरीत पडलास तर घटकेत सुटशील. मला तू म्हातारा व्हायला हवायस. या उतारावर तुझा ब्रेक लागेल, तेव्हा तो कुणामुळं लागला ते तुला कळेल. पुढंही प्रत्येक वेळी कळेल. आजी, त्याला घट्ट धरा."

ते गेले. प्रत्येक वळणावर त्याच्या ब्रेकचा आवाज येत होता आणि मी शेवटपर्यंत कान देऊन होते.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी गाडी असेल. तिच्या काचेत वरवर बघून समाधान मानू नका. घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या, खाली वाका, स्क्रूपर्यंत हात जाऊ द्या. कुणी 'झालं' म्हणाले, तर 'दाखवा' म्हणायला लाजू नका. आणि तुमच्या भरवशावर कुणी उतार उतरणार असेल, तर आपला चहा खुशाल निवू द्या.

जिनशेंगला मी अजून माफ केलेले नाही. त्या सकाळी माझे चालले असते, तर मी त्याला जाऊ दिले असते, त्याच्या आईसकट. म्हणून बरे झाले की पाना आमानच्या हातात होता आणि मला हात नव्हते.